सासऱ्यांच्या झाडाची जात

२४ मार्च, सकाळ
अंगणातल्या झाडाला पहिल्यांदाच कळ्या. सासऱ्यांनी बांधलेलं शेवटचं कलम. ते गेले, झाड राहिलं. बायको, नाझिहा, म्हणते, येत्या हिवाळ्यात बाबांची गोड संत्री खायची. म्हणू दे बापडी. जात ठरल्याशिवाय मी त्याला संत्रं म्हणणार नाही. कडू नारिंग आणि गोड संत्रं, फुलं सारखीच. फरक पानाच्या देठात. देठाच्या कडांना पानासारखे रुंद पंख असतील तर नारिंग, अरुंद असतील तर संत्रं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. घड्याळं दुरुस्त करायचं भिंग आहे, पट्टी आहे. बास.

२७ मार्च
शिडी लावली नाही. गुडघा. शिवाय खालचं काय, वरचं काय, पान ते पानच. खोडाच्या तळाशीच एक जोमदार फांदी मिळाली. पंख रुंद, काटे लांब. निकाल: नारिंग. कलम फुकट गेलं. नाझिहाला हळुवारपणे सांगितलं. म्हणाली, अख्ख्या नाबुल गावात माझ्या बाबांचा हात कधी चुकला नाही. मी म्हटलं, हात चुकतो, पट्टी चुकत नाही.

३१ मार्च
नारिंगाची फुलं झाडावर कोण ठेवतं? चादर अंथरून काठीने सगळी झोडून पाडली. नाझिहा दार लावून आत. फुलांचं सुगंधी पाणी काढायला शेजारच्या दलेंदाकडे टोपली नेली. तिने वास घेतला न घेतला तोच म्हणाली, अहो लामिन, ही खायच्या संत्र्याची फुलं. नाक घरी ठेवून आलात की काय? तिच्याकडे बसलेल्या बायका खिदळल्या. वास हा पुरावा नव्हे, मोजता येत नाही. या बाईशी पुन्हा बोलणार नाही.

२ एप्रिल
बोललो. घड्याळ दुरुस्तीला घेऊन आली होती.

५ एप्रिल
खात्री म्हणून शिडी चढलो. वरच्या पानांचे पंख अरुंद! मग उलगडा झाला: रोग. वरचं झाड खंगलंय, तळाशी ठणठणीत. नाझिहा बहिणीकडे गेलीय. येईपर्यंत झाड सुधारून ठेवतो. चकित होईल.

६ एप्रिल
वरचं सगळं उतरवलं. खोडावर एक बेढब गाठ होती, तिच्याखालून करवत चालवली. काप आरशासारखा. वरची चार पानं कागदात दाबली, वर लिहिलं 'रोगट'. बाकी सगळं कचऱ्याच्या गाडीत.

८ एप्रिल
नाझिहा आली. चकित झाली.
ओरडली नाही. विचारलं, गाठ कुठंय? म्हटलं, बेढब दिसत होती. म्हणाली, लामिन, कलम नारिंगावरच बांधतात. गाठीच्या खाली फुटतं ते नारिंग. बाबांचं झाड गाठीच्या वर होतं.
हे मला ठाऊक होतं. या झाडापुरतं लक्षात आलं नाही, इतकंच.

११ एप्रिल
दलेंदाने फुलांच्या पाण्याची बाटली पाठवली. वास जेमतेम. नाझिहा ती बापाच्या कबरीवर शिंपडायला घेऊन गेली. मी चप्पल घातली होती. नको म्हणाली.
कागद उघडला. 'रोगट' खोडलं. चारही पानांना पट्टी लावली. पंख अरुंद.
गोड संत्रं. शंकाच नाही.