कुंची सोडून बघ

आई,
तुला नि बाबांना इथूनच वाकून नमस्कार.

माझं बरं चाललंय. जेवण वेळेवर होतं. जयसिंगपूरची भाजी ताजी मिळते. तुझे गुडघे कसे आहेत?

परवा शालूबाई नावाच्या आजी तान्ह्या नातवाला आमच्या आरोग्य केंद्रात घेऊन आल्या. दोन दिवस खोकून रडत होता म्हणे. वेखंड लावून कुंचीत घट्ट गुंडाळलेला. मी कुंची सोडायला लागले तर म्हणाल्या, "वारं लागंल की. आता गप निजलाय, बरं हाय त्याला."

छाती उघडली तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. रडायचंही त्राण नव्हतं, म्हणून गप होता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावून कोल्हापूरला पाठवलं. अजून तिथून काही कळलं नाही.

मला रागच आला होता. पण कुणावर रागवू? माझ्या ओवीला तूही तशीच गुंडाळतेस.

तिला खोकला झाला तर कुंची सोडून छाती बघ. आणि माझा फोन आला की लेकीचं रडणं ऐकून मला त्रास नको म्हणून तिला आत नेतेस ना, ते बंद कर. रडू दे तिला. मला ऐकायचंय.

तुझी,
क्रांती