नदीकाठच्या सपाट रस्त्याबद्दल तक्रार

तीर्थरूप दादांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात निम्माच वाकलो आहे, उरलेला निम्मा पत्रातून मानून घ्यावा.) तुमची तब्येत, वहिनींचे गुडघे आणि सायकलचं दुकान, सगळं ठीक चाललं असेल अशी आशा आहे. इकडे तुमची बहीण खुशाल आहे, मी हयात आहे. पत्रास कारण की, तुम्ही टेम्पोत घालून जी दोघांनी मिळून चालवायची सायकल पाठवलीत, ती त्याच टेम्पोने परत न्यावी.

तुमचा हेतू चांगला होता हे मी नाकारत नाही. हिच्या डोळ्यांपुढचं मधलं सगळं पुसट होऊन नुसतं कडेकडेचं दिसायला लागलं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, तेव्हापासून ही खुर्चीतून उठेना. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी विकल्यावर तर फाटकापर्यंतसुद्धा गेली नाही. अर्ध्या गावाला जिने गाडी शिकवली, तिला कोणाचा हात धरून रस्ता ओलांडायचा नव्हता. मी समजावून पाहिलं, रुसून पाहिलं (ते तर तिच्या लक्षातही आलं नाही). तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, हिला मागे बसवा, तुम्ही पुढे बसा, नदीच्या या काठाने जा, पूल ओलांडा, त्या काठाने घरी या. रस्ता अगदी सपाट, लहान मूलसुद्धा करेल. दादा, तुम्ही हा रस्ता शेवटचा पाहिलात तेव्हा स्वतःच लहान मूल होतात. सपाट आहे ती नदी. रस्ता तिला बघायला सारखा वर चढतो आणि भेटायला पुन्हा खाली उतरतो.

शिवाय मी पुढे बसणं हेच मुळात धाडस. मी हिचा नापास विद्यार्थी, हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. परीक्षेत इतक्यांदा आपटलो, की शेवटी हिने माझ्याशी लग्न केलं. (दुसरा इलाजच उरला नव्हता, असं ती सांगते.) तेव्हापासून ही चालवायची, मी शेजारी बसायचो. पण मनात म्हटलं, जन्मभर शिलाई मशिन पायाने चालवलं. एवढं पायडल मारून इंचभरही पुढे सरकलो नाही, आता निदान सरकू तरी. दोन्ही सीटना कापसाच्या गाद्या शिवल्या. (हिच्या गादीला मखमल, माझ्या गादीला उरलेलं अस्तर.) आणि हिला म्हटलं, फिरायला चल असं नाही म्हणत, मला सायकल शिकवायला चल. झालं, बाई उठली.

गल्लीच्या तोंडापर्यंत आम्ही कसे पोचलो ते कोपऱ्यावरच्या न्हाव्याला विचारा. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण तसाच ठेवून तो बाहेर आला होता. पुढे लोखंडी दरवाज्याची बाग, मग नदी, मग शेतं. आणि तिथे तो चढ सुरू झाला. म्हणजे मला चढ वाटला. दर वळणाला पायडलं दगडासारखी जड व्हायची, वळण सरलं की हलकी. गावाबाहेरच्या बदकांच्या कळपापाशी तर ती ठार थांबली, आम्ही दोघं कलंडलो आणि माझी पँट साखळीत जाऊन गुडघ्यापर्यंत फाटली. (शिंप्याची पँट! बदकंसुद्धा बघत उभी राहिली.) तेव्हा कुठे उलगडा झाला. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. तुमची बहीण मागे बसून, दर वळणाला, दर कुत्र्याला आणि बदकांना जवळजवळ उभी राहून, सवयीने तो ब्रेक दाबत होती. तो नव्हताच, होतं पायडल. आणि या सायकलीची दोन्हीकडची पायडलं एकमेकांना बांधलेली, त्यामुळे तिचं थांबलं की माझंही थांबतं. (आमच्या संसाराची हीच पद्धत आहे, पण संसारात पँट फाटत नाही.)

आता एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगतो, नाहीतर म्हणाल जावई एकांगी आहे. हिला पुढचं दिसत नाही, पण मागच्या सीटवरून पुढे असते फक्त माझी पाठ. ती न दिसल्याने कोणाचं काही बिघडत नाही. कडेचं सगळं दिसतं. आणि त्या खोऱ्यात जे काही आहे, ते कडेलाच आहे. पाण्यात उभा असलेला बगळा हिने दाखवला. पडक्या गिरणीचं चाक हिने दाखवलं. मी रस्त्याकडे डोळे वटारून बघत असल्यामुळे मला ही नदी बहुतेक हिच्याकडून ऐकूनच कळली.

पुलाच्या चढावर दुधाची गाडी बंद पडली होती. ड्रायव्हर चालू करी, गाडी मागे घसरे. हिने मला थांबवलं, उतरली आणि निव्वळ वासावरून त्याला सांगितलं की क्लच जळतोय. मग मास्तरीण सुरू झाली. मी सायकलीवर एक पाय टेकून, पुढे तोंड करून शहाण्यासारखा उभा. मागून हिचा खणखणीत आवाज आला, "हं, आता सोडा… चला!" दादा, हा हुकूम मी लग्नाआधीपासून पाळतो आहे. ड्रायव्हर सुटला, मीही सुटलो. पूल ओलांडला, उतार लागला, पायडलं हलकी फुलासारखी! वाटलं, हिने अखेर माझ्यावर विश्वास टाकून पाय ब्रेकवरून काढला. डोळे भरून आले. मी उतारभर तिचे आभार मानत गेलो, आपल्या गुरूबद्दल दोन शब्द बोललो, आणि उत्तर येईना म्हणून मागे पाहिलं. मखमलीची गादी रिकामी होती.

अरुंद पूल, येणारी-जाणारी वाहनं, खाली पाणी आणि हिला समोरचं दिसत नाही. सायकल वळवता येईना (वळवणं आमच्या अभ्यासक्रमात अजून आलेलं नाही), ती तिथेच टाकून फाटक्या पँटने धावत सुटलो. ही पुलाच्या कठड्यावर बसली होती, शेजारी गाडी कडेला लावून आलेला तो दूधवाला, आणि ही हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. डॉक्टरांच्या त्या खोलीतून बाहेर आल्यापासून मी ते हसू ऐकलं नव्हतं, दादा. मी धापा टाकत होतो आणि मला ते थांबू नये असं वाटत होतं. मला बघून म्हणाली, "सुटलात छान. पण निघताना हात दाखवला नाहीत."

तर अशी ही सपाट फेरी. सर्व बाजूंनी विचार करता सायकल परत नेणं हेच बरं.

आपला आज्ञाधारक,
कंबर धरलेला जावई

ता. क. टेम्पो पाठवायची घाई नको. ही सकाळीच बूट घालून फाटकाशी उभी आहे आणि मी पँट कधी रफू करतो ते विचारते आहे.

ता. क. दुसरा. खरं काम सांगायचं राहिलंच. मागच्या हँडलला एक ब्रेकची मूठ बसवून हवी. तार कशाला जोडली नाही तरी चालेल. हिच्या हाताला चाळा होईल आणि पाय स्वस्थ राहील. तिला सांगू नका.

ता. क. तिसरा. पत्र हिला वाचून दाखवलं. वरचा दुसरा ता. क. सफाईने गाळला होता, पण जी बाई वासावरून क्लच ओळखते तिला माझा अडखळलेला आवाज कळणार नाही होय? गाळलेलंही वाचायला लावलं. म्हणाली, "दादाला लिहा, ब्रेक खराच पाठव. माझ्याकडे ब्रेक आहे हे माहीत असलं, की शिकणारा घाबरत नाही." दादा, मी घाबरत होतो हे मी हिला एका शब्दानेही सांगितलं नव्हतं. खराच पाठवा.