नाजूक

प्रिय दादा,

चिकटपट्टीचं टोक शोधण्यात माझी अख्खी सकाळ गेली, याची मानवजातीने नोंद घ्यावी. तुझ्या पार्सलापायी दोन नखं मोडली.

बाबांच्या आजारपणात तुला यायला जमलं नाही. ते गेल्यावर मात्र फोन आला, "नाताळच्या झाडाला लावायचा माझा लाल गोळा पाठव गं. त्यात बाबांचा श्वास आहे."

खरंच आहे. काचेच्या भट्टीसमोर गाल फुगवून त्यांनी आपल्या दोघांसाठी एकेक गोळा फुंकला होता. पूर्वी लोक झाडाला खरी सफरचंदं टांगायचे, एका वर्षी पीक बुडालं म्हणून काचेची आली, असं ते सांगायचे. "सफरचंद सडतं. हे टिकेल."

माझं आठ दिवस टिकलं. तू ते बुटाखाली चिरडलंस आणि म्हणालास, "रडतेस काय, वेडे? आत नुसती हवाच तर होती." बाबांना सांगितलंस, मांजराने पाडलं.

शेवटी शेवटी बाबांना साधी मेणबत्तीसुद्धा फुंकून विझवता येत नव्हती.

आज तुझा गोळा फरशीवर ठेवला आणि बूट घातले. मग एकूण एक तुकडा कापसात गुंडाळला, खोक्याच्या चारी बाजूंना 'नाजूक' असं लिहिलं. तू पोस्टमनला शिव्या घालशील, तेव्हा हे पत्र माझ्या कपाटात असेल.

तुझं बरोबर होतं, दादा. आत नुसती हवाच होती.

तुझंच,
मांजर