कोकिळाची कडू पुडी

धुळे, पोळ्याचा दुसरा दिवस

व्हय वो अक्का, जिती आहे तुझी कोकिळा! या खेपेले पाळीत तिचं कालेज बुडालं नाई. आता तिले असोद्याले नेऊ नको, माझ्याजवळ राहून शिकू दे.

इथं एक डाक्टरीनबाई पाळीच्या दुखण्यावर झाडपाल्याचं औषध तपासून पाहते. काही पुड्यांत औषध, काहींत नुसती भुकटी. कोनाले कोनती, ते सांगत नाई. कोकिळा एकटी जायले लाजे, म्हनून मीबी तिच्यासंगं जाऊन तिथं पोट धरून कण्हत बसली. आमचे हे असते तर माझं सोंग पाहून किती हसले असते!

घरी येऊन दोन्ही पुड्या चाखल्या. तिची मचूळ, माझी कडूजहर. मंग माझी तिले पाजली, तिची मी खाल्ली. तुले चिमूटभर पाठवते. वास घेऊन सांग, त्यात बाळंतशेपा आहे का?

भाऊजींचा खोकला कसा आहे?

बाई चक्रावली, भुकटीनं पोरगी बरी कशी झाली म्हने. माझ्यापायी चांगलं औषध खोटं ठरंन, म्हनून उद्या तिले खरं सांगते. पन मंग हेबी सांगावं लागंन, अक्का, जे तुलेबी सांगितलं नाई: माझी पाळी कधीचीच बंद झाली.

तुझी लाडाची,
बेबा