काकांच्या अंगठीची तपासणी

४ मार्च
आजपासून जुने जेन्ट्स दागिने हा आपला विषय. सोनं, हिरे, फक्त व्हिन्टेज. व्हिडिओ पाहिले. भिंग मागवलं. बायको म्हणाली, आधी विजेच्या बिलावरची तारीख बघा. तिला गुंतवणूक कळत नाही.

९ मार्च
भिंग आलं. ऑफिसात तिघांच्या अंगठ्या तपासल्या. तिघांचंही सोनं संशयास्पद. तिघेही आता बोलत नाहीत माझ्याशी. खरं ऐकायला छाती लागते.

१२ मार्च, संध्याकाळ
संधी चालून आली! समोरच्या दारातल्या काकू आल्या. काकांना जाऊन दोनच महिने झालेत. त्यांची अंगठी आणली होती, मधोमध हिरा. म्हणाल्या, तुझ्यासाठीच काढून ठेवलीय, बघ बरं. म्हणजे पहिली ऑफर मला. माझा अभ्यास बिल्डिंगभर पोचला तर!

चेहरा कोरा ठेवला. आवडलं तरी दाखवायचं नसतं. भिंग लावलं. आतला शिक्का पुसट. मागची पट्टी झिजलेली. हिऱ्यावर तोंडाची वाफ सोडली. खऱ्यावरची लगेच उडते, ही रेंगाळली. निकाल: काच. सांगून टाकलं. सोन्यातही भेसळ असणार, हे वर जोडलं. भाव उतरायला बरं.

काकूंनी अंगठी परत हातात घेतली. मग म्हणाल्या, हे तर सांगायचे, पहिल्या बढतीला घेतलेला खरा हिरा आहे म्हणून. इतकी वर्षं खोटं बोलले का रे माझ्याशी? मी म्हणालो, पुरुष बोलतात असं कधी कधी.

बायकोने असं पाहिलं की मी चहाचा कप खाली ठेवला. पण व्यवहारात भावना आणू नयेत.

१३ मार्च
झोप नाही. ॲसिडिटी असावी. बायको सांगत होती, काकूंनी काकांचा फोटो भिंतीवरून उतरवलाय. पुसायला, म्हणे. संध्याकाळपर्यंत परत लावला नव्हता. असेल काही काम.

१५ मार्च
प्लॅन ठरला. खोटी असल्याचं सराफाकडून लेखी घ्यायचं. मग पडत्या भावात घेऊन टाकायची. काकूंवर उपकारच. त्यांनी अंगठी रुमालात बांधून दिली. माझ्याकडे बघितलं नाही.

१६ मार्च
सराफाने विचारलं, धुतली होती का? म्हटलं, तपासायची होती, धुवायची नव्हती. त्याने कोमट पाण्यात साबण घालून ब्रशने घासली. वर्षानुवर्षांचा मळ निघाला. म्हणाला, मळ असला की वाफ रेंगाळणारच. मग भिंग, मग मशीन. हिरा अस्सल. सोनं अठरा कॅरेट, भेसळ वगैरे काही नाही.

अंगठी खिशात. बायकोला म्हटलं, काकूंना उद्या सांगतो.

१७ मार्च
सांगितलं नाही. काकूंकडे पाहुणे होते. निदान दाराबाहेर चपला तरी जास्त होत्या.

१८ मार्च
सांगितलं नाही. आता खरी म्हणावं तर आधी काय बोललो ते निघणार. त्यापेक्षा उद्या पूर्ण भाव देऊन घ्यायची. उमदेपणाने. विषय संपला.

१९ मार्च
काकूच आल्या. माफी मागायला. माझी! म्हणाल्या, हे जाताना सांगून गेले होते, आजारपणात ज्याने रोज हात धरून जिना उतरवला त्याला माझी अंगठी दे. विकायची कुठे होती रे? पण खोटी वस्तू तुझ्या हातावर ठेवायला निघाले होते मी. राग धरू नकोस.

अंगठी माझ्या शर्टाच्या खिशात. लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. काढून त्यांच्या हातावर ठेवली. खरी आहे म्हणालो. चूक माझी, धुतलीच नव्हती, हेही बोललो. फक्त कळलं कधी, तर आज सकाळी, असं तोंडातून गेलं.

काकू रडल्या, मग हसल्या. म्हणजे हे खोटं नव्हते बोलले, हेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. अंगठी स्वतःच्या अंगठ्यात घातली. म्हणाल्या, आता नाही रे देववत, चालेल ना तुला? मी मान हलवली. दारात थांबून म्हणाल्या, कळल्या कळल्या लगेच घेऊन आलास. तुझे काका म्हणायचेच, पोरगा सरळ आहे.

आणि मी म्हणालो, त्यात काय काकू, कधीही सांगत जा.

बायको उठून आत गेली.