जनरेटर ओसरीतच राहिला

मंगळवार, संध्याकाळ

थोरल्या दिरांना मी आज पहिल्यांदाच तोंडावर नाही म्हटलं!

हे पहाटे झेंडू घेऊन मार्केटला जातात, म्हणून दुपारी झोपतात. झोपेत श्वास अडकतो, म्हणून मास्कचं मशीन लावून. आज विजा कडाडायला लागल्या तशी मी मशीनची पिन काढली, त्याची बॅटरी जोडली. तेवढ्यात लाइट गेलीच.

दीर विहिरीवरचा जनरेटर ढकलत ओसरीत आले. "बाहेर भिजंल. आतच लावू."

"नाही दादा. धूर घरात कोंडला तर हे उठायचेच नाहीत. बॅटरी आहे ना."

"त्या खेळण्यावर भरोसा?"

मी दारात आडवी उभी राहिले. मी! कुठून आलं एवढं बळ?

लाइट येईपर्यंत ते खेळणं टिकलं. हे आळस देत उठले. "पाऊस आला होता का?"

दादाच म्हणाले, "तुझ्या बायकोला विचार."