डावा दोर

मोंते, रविवार दुपार

प्रिय एल्व्हियो,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. चर्चच्या पायऱ्यांखाली आमच्या गाडीवाल्यांच्यात बसतो, पत्ते हातात धरतो आणि खेळायचंच विसरतो. माझा जोडीदार फिर्मिनो विचारतो, म्हातारपणी प्रेमात पडलास की काय? त्याला काय सांगू? भाऊ येतोय, इतक्या वर्षांनी येतोय, आनंद झालाय हे खरंच. पण तू लिहिलंस ना, की पुढच्या महिन्यात आल्यावर शुक्रवारी हेदर, तुझे सासूसासरे आणि तू माझ्या टोपलीगाडीत बसणार, "दादा, तूच आम्हाला खाली ने, मजा येईल," ते काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. पाहुणा म्हणून बसणार तू? माझ्या गाडीत? ज्या बिनचाकी वेताच्या गाडीचे दोर धरून ती उतारावरून घसरवत आपण दोघं खाली न्यायचो, तिच्यात?

आईला तुझा सगळा बेत वाचून दाखवला. देवमातेच्या जत्रेला मिरवणूक बघणार, इथवर ती खूश होती. मग डोंगरातल्या पाटाच्या कडेनं फिरायला तू वाटाड्या ठरवलायस हे ऐकून इतकी हसली की ठसका लागला. अरे, त्याच पाटाचं पाणी आपल्या मळ्यात घ्यायची पाळी आली की फळी उचलायला तूच पळायचास ना! वाईन चाखायला खाली फुंशाल शहरातल्या तळघरात जाणार म्हटल्यावर मात्र तिचं तोंड उतरलं. बाबांनी लावलेल्या वेलींची आपली आंबट वाईन अजून मागच्या खोलीत पिंपात आहे. म्हणाली, "ती प्यायला त्याच्याकडून तिकिटाचे पैसे घेऊ का?" तू इथं गोल्फ खेळणार हे आम्ही शेजारीपाजारी कुणाला सांगितलेलंच नाही. आणि तू हॉटेल घेतलंयस हे मी तिला वाचून दाखवलं नाही. तिनं तुमच्यासाठी खोलीला चुना दिलाय, खडकावरचे ताजे शिंपले आणायला मासेवाल्याला आतापासून बजावून ठेवलंय. हॉटेलचं तूच निस्तर बाबा, मला त्यात ओढू नकोस.

तू जर्सी बेटावर कामाला गेलास तेव्हा मुकादमानं विचारलं होतं, आता तुझ्याबरोबर कोण? मी म्हटलं, तात्पुरता कुणीतरी द्या. तो तात्पुरता म्हणजे फिर्मिनो. त्याचे केस पांढरे झाले, त्याला नातू झाला, अजून तात्पुरताच आहे. माणूस वाईट नाही. पण उतारावर अखंड बडबडतो, आणि मध्ये फोटो काढणारा उभा असतो तिथं दोर एका हातात धरून चक्क टोपी हलवतो. तू डावीकडे असताना मला कधी तोंड उघडावं लागलं नाही. वळण आलं की तू मागे रेलायचास, मी पुढे रेटायचो, गाडी आपोआप वळायची. लोक विचारायचे, तुम्ही एकमेकांना खूण कशी करता? आपल्यालाच कुठं माहीत होतं!

गेल्या महिन्यात त्या चिंचोळ्या वळणावर फिर्मिनोनं दोर सैल सोडला. गाडी भिंतीला घासली. मी उजवा पाय रोवून ती कशीबशी थांबवली. आतली जर्मन बाई किंचाळली, आणि खाली पोचल्यावर तिनं आम्हाला उलट बक्षीस दिलं, तिला वाटलं हा खेळातलाच भाग. फिर्मिनोनं वाकून मुजरा केला. मी हसलो आणि तिथंच भिंतीला धरून बसलो, कारण गुडघा वाकेना. डॉक्टरनं गुडघ्याचा एक्स-रे काढून बघितला आणि सरळ म्हणाला, दिनार्त, तुझं हे काम संपलं. आईला मी पाय मुरगळला एवढंच सांगितलंय. मुकादम भला आहे, मला वर तिकिटं फाडायला बसवणार आहे. सध्या खुर्चीत बसून असतो आणि गाड्या सुटताना बघतो. एल्व्हियो, फार जीव तुटतो रे.

तर मी हे का लिहितोय ते ऐक. मुकादमाच्या मागे लागून मी एक फेरी मागून घेतलीय, शेवटची, शुक्रवारची. हेदर आणि तिची आई माझ्या गाडीत बसतील, सासऱ्यांना दुसऱ्या गाडीत बसवू, माझ्या गुडघ्याला दोघींचंच वजन झेपेल. डावा दोर तू धर. फिर्मिनोला विचारलं, त्याला वाईट वाटेल म्हणून आधी भीत होतो, तर म्हणाला, "भाऊच आहे तो तुझा, मी कोण नाही म्हणणारा?" कामाचे पांढरे कपडे माझे होतील तुला, पोट सुटलं असेल तर आई शिवण उसवून देईल. बायकोसमोर, सासूसमोर हे काम करायची लाज वाटत असेल तर तसं कळव, मी रागावणार नाही. पण मग माझ्या गाडीत बसूही नकोस. मी इतकी वर्षं त्या उतारावर मान वळवली की शेजारी तू दिसायचास, तू गेल्यावरही मान वळतच राहिली. आता शेवटच्या फेरीला पुढे बसलेल्या तुझ्या पाठीकडे बघत उतरायची माझ्यात ताकद नाही.

तुझाच, उजवीकडचा,
दिनार्त